गंजिफात राणी नसते

सावंतवाडीच्या राजवाड्यात आजही हाताने रंगवलेला गंजिफा बघायला मिळतो. तळहातावर मावतील एवढी गोल पाने, त्यांवर चकचकीत रोगण, आणि परशुरामाच्या घरात परशू, वामनाच्या घरात कमंडलू अशी अवताराची खूण. दशावतारी संच 120 पानांचा असतो. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार आणि प्रत्येकाची बारा पाने. एक्क्यापासून दहिल्यापर्यंत दहा पाने खुणांची, अकरावे प्रधानाचे आणि बारावे राजाचे. राणी मात्र एकाही घरात नाही. इंग्रजी पत्ते पिसत लहानाचा मोठा झालेला माणूस पहिल्यांदा गंजिफा हातात घेतो तेव्हा तिलाच शोधत बसतो.

गंमत अशी, की विस्मरणात चाललेला हा खेळ गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकात पुन्हा उभा केला तो शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी. सत्वशीलादेवी स्वतः कुंचला घेऊन चिताऱ्यांकडून ही कला शिकल्या. ज्या पानांत राणीला जागा नाही, ती पाने राणीने वाचवली.

वाडीहून दक्षिणेला निघाले की बांदा लागते, पुढे पत्रादेवी, आणि मग पेडणे. आज मधे राज्याची सीमा आहे. पण पेडणे, डिचोली आणि सत्तरी हे तीन महाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत याच वाडीच्या भोसल्यांचे होते. या टापूचा इतिहास सांगायला बसले की खेम सावंत, फोंड सावंत, रामचंद्र सावंत ही नावे इतक्या वेळा फिरून येतात की वाचणारा कोष्टक मांडायला घेतो. राण्यांसाठी असे कोष्टक कुणाला मांडावे लागत नाही, कारण त्यांची नावेच क्वचित सापडतात. जिथे सापडतात तिथे मात्र एक गोष्ट लक्षात येते. राजाचे नाव कागदावर येते ते राज्य चालू असते म्हणून. राणीचे येते ते गादी रिकामी पडली म्हणून.

हे काही कोकणापुरते नाही. इजिप्तच्या राण्यांवर जगभर कादंबऱ्यांचा पाऊस पडला आहे. पॉलिन गेज या लेखिकेने 1977 मध्ये हात्शेपसूतवर कादंबरी लिहिली, ख्रिस्तियान जाक या फ्रेंच इजिप्त-अभ्यासकाने आहहोतेपवर तीन खंड लिहिले, आणि क्लिओपात्रावर किती लिहिले गेले याची तर मोजदादच नको. या कथांतला झगमगाट बाजूला केला तर खाली तीच रिकामी गादी दिसते. पहिल्या राजवंशातली मेरनेथ राज्यावर दिसते ती मुलगा लहान असताना. तिची कबर 1900 मध्ये आबिदोस इथे फ्लिंडर्स पेट्रीने उकरली, तेव्हा एवढी मोठी कबर म्हणजे राजाचीच, असे धरून त्याने तिला पुरुष ठरवून टाकले होते. सोबेकनेफरू बाराव्या राजवंशाची शेवटची शासक. तिच्या एका पुतळ्यात बाईच्या वेषावरच राजाचे वस्त्र चढवलेले आहे. आहहोतेपच्या काळात हिक्सोसांशी युद्ध पेटलेले होते; तिने सैन्य सावरले, पळालेल्यांना परत आणले, असे तिच्या मुलाने कर्णाकच्या शिळेवर कोरून ठेवले. आणि हात्शेपसूत? ती सावत्र मुलाच्या वतीने कारभार पाहायला बसली आणि पुढे स्वतःच फराओ झाली, राजाची खोटी दाढी लावून. तिच्या मृत्यूनंतर तिचे नाव भिंतींवरून छिन्नीने उडवण्यात आले.

मराठी ऐतिहासिक कादंबरी शनिवारवाड्यात रमते, रायगड चढते, पानिपतावर जाऊन येते. तेरेखोलच्या खाडीकडे तिचे पाऊल सहसा वळत नाही. वास्तविक इथे कादंबरीला हवे ते सगळे आहे. समुद्र आहे, किल्ले आहेत, दत्तक आहे, बिछान्यात गळा दाबलेले पोर आहे. आणि या सगळ्याच्या हजार वर्षांपेक्षाही आधीची, तांब्याच्या पत्र्यावर स्वतःचे नाव घालणारी एक राणी आहे.

तेरेखोलच्या किल्ल्यावरून उत्तरेला पाहिले की पुढे जाणारा किनारा दिसतो. तिथे पुढे रेडी आहे. आजची रेडी म्हणजे गणपती आणि खनिजाचे धक्के. जुन्या लेखांत तिचे नाव रेवतीद्वीप. बदामीच्या चालुक्य मंगलेशाने हे रेवतीद्वीप जिंकले, असे ऐहोळेच्या प्रशस्तीत म्हटले आहे. शके 532, म्हणजे इ. स. 610-11 मध्ये सत्याश्रय ध्रुवराज इंद्रवर्मा नावाचा अधिकारी इथून चार विषयांचा कारभार पाहत होता. त्याचा ताम्रपट गोव्यात सापडला. म्हणजे सातव्या शतकात पेडण्याच्या वेशीवर बदामीचे एक मोठे ठाणे होते. या किनाऱ्याला परदेशी गलबतांची सवय त्याही आधीची. पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने समुद्रमार्गाची वही लिहिली, तिच्यात कोकणच्या बंदरांची आणि बेटांची यादी आहे. त्यातल्या एका बेटसमूहाला अनेक अभ्यासक वेंगुर्ल्याचे खडक मानतात. क्लिओपात्राचा इजिप्त रोमच्या घशात गेला आणि त्यानंतरच्या काही दशकांत ही वाहतूक फुगली. पण इकडच्या राण्यांना तिकडच्या राण्यांची गंधवार्ता असण्याचे कारण नव्हते.

याच बदामीच्या दुसऱ्या पुलकेशीचे वैभव ऐहोळेच्या प्रशस्तीत ओसंडून वाहते. ती प्रशस्ती इ. स. 634-35 ची. त्यानंतर आठ वर्षांच्या आतच पल्लव नरसिंहवर्म्याने बदामी घेतली. पुलकेशी संपला. राजधानी शत्रूच्या ताब्यात, मुलगे विखुरलेले, मांडलिक आपापल्या वाटेने. तेरा-चौदा वर्षे हा गोंधळ चालला आणि मग विक्रमादित्य नावाच्या मुलाने घराण्याची गेलेली लक्ष्मी परत आणली. शाळेच्या पुस्तकात इथे एक ओळ असते: विक्रमादित्याने राज्य पुन्हा मिळवले. मधल्या वर्षांत कोकणात काय चालले होते, ते त्या ओळीत मावत नाही.

ते कळते नेरूर आणि कोचरे या दोन गावांतून. नेरूर कुडाळ तालुक्यात, कर्ली नदीच्या काठाला. कोचरे तिथून समुद्राकडे, निवतीजवळ. पेडण्याहून मोटारसायकलवर निघालेला माणूस दुपारच्या जेवणापर्यंत दोन्ही गावे पाहून परत येऊ शकेल. या दोन्ही ठिकाणी एकाच राणीचे ताम्रपट मिळाले. तिचे नाव विजयभट्टारिका. कोचऱ्याच्या पत्र्यावर विजयमहादेवी. विक्रमादित्याचा थोरला भाऊ चंद्रादित्य, त्याची ही राणी. लेखात रिवाजाप्रमाणे सासऱ्याची स्तुती येते, दिराच्या पराक्रमाची येते, नवऱ्याचे नाव मानाने येते. पण जमीन देते ती राणी. दानाची आज्ञा तिची आहे.

नेरूरच्या पत्र्यावर काळही दिला आहे. आश्विनातली द्वितीया, विषुवाचा दिवस, आणि वर्ष कोणते, तर 'स्वराज्य पंचम संवत्सर'. स्वतःच्या राज्याचे पाचवे वर्ष. बहुतेक अभ्यासकांनी ते इ. स. 659 धरले आहे. आता या 'स्व'वरून विद्वानांत वाद आहे. कुणी म्हणतात हे वर्ष विक्रमादित्याच्या राज्याचे, कारण त्याचा आरंभ साधारण 655 चाच. कुणी म्हणतात चंद्रादित्याचे. आणि फ्लीटसारख्या जुन्या लिपितज्ज्ञाने सरळ वाचून सांगितले की हे राणीचेच वर्ष. वाद घालणाऱ्यांची अडचण समजण्यासारखी आहे. दान करणारा राजा असता आणि त्याच्या लेखात 'स्वराज्य' असते, तर ते कुणाचे राज्य हा प्रश्न कुणी विचारला नसता. पेट्रीला आबिदोसच्या कबरीत राजा दिसला तोही याच सवयीने. मराठी वाचकाला मात्र तो शब्दच थांबवतो. शिवाजी महाराजांच्या हजार वर्षे आधी, कर्लीच्या काठावर, एका राणीच्या आज्ञेत 'स्वराज्य' हा शब्द कोरला गेला होता.

कोचऱ्याच्या पत्र्यावर आणखी एक शब्द आहे: खज्जन. संस्कृत कोशात तो शोधत बसण्यापेक्षा पेडण्यातल्या किंवा डिचोलीतल्या एखाद्या शेतकऱ्याला विचारावे. तो म्हणेल, खाजन. भरतीचे पाणी चापोऱ्याच्या आणि तेरेखोलच्या पात्रांतून कोसन् कोस आत चढते. ते जिथे पसरायचे, त्या चिखलाच्या जमिनीला बांध घालून माणसाने ती समुद्राकडून मागून घेतली, तिचे नाव खाजन. बांध चिखलाचा, पेंढ्याचा, काही ठिकाणी जांभ्या चिऱ्यांचा. त्याच्या बाहेर खारफुटीचे रान राखलेले, म्हणजे लाटेचा मार बांधावर येत नाही. आणि बांधात एक दार, मानस.

ही मानस जवळून पाहण्यासारखी असते. दोन चिरेबंदी भिंतींच्या मधे लाकडी झडपा. ओहोटी लागली की आतले पाणी झडपांना बाहेर ढकलते, त्या उघडतात आणि शेतातले पाणी नदीत उतरते. भरती चढू लागली की तेच पाणी उलट रेटा देते आणि झडपा चौकटीवर घट्ट बसतात. माणूस घरी झोपलेला असतो. दाराची उघडझाप चंद्र करतो. पावसाच्या गोड्या पाण्याने जमिनीतला खार धुऊन निघाला की कोरगूट भात लावायचे, जे थोडा खारेपणा सोसते. ओहोटीच्या वेळी मानशीच्या तोंडाशी जाळे लावले की मासळी मिळते, आणि त्या हक्काची गावात पावणी, म्हणजे लिलाव, होते. पण बांधाला एक भगदाड पडले आणि दोन भरत्या आत गेल्या, तर त्या शेताची दोन-तीन वर्षे गेली म्हणून समजावे. खाजन म्हणूनच एकट्यादुकट्याचे नसते. सगळ्या गावाने बांध राखला तरच ते टिकते.

राजधानी पडलेली आहे, दीर लढतो आहे, आणि अशा काळात किनाऱ्यावरची राणी कुणाला तरी शेत आणि खज्जन लावून देते आहे. दान धार्मिक आहे, त्यात शंका नाही. तरी ते दान म्हणजे कारभारही आहे. सीमा ठरवाव्या लागतात, गावच्या मुख्यांना कळवावे लागते, पुढच्या राजांनी हे मोडू नये म्हणून बजावावे लागते. चालुक्यांच्या ताम्रपटाच्या कडीवर वराहाची मुद्रा असते. ती मुद्रा उमटली म्हणजे या भागात अजून आमचेच राज्य आहे, हे सगळ्या पंचक्रोशीला समजायचे. ढासळत्या सत्तेला असे समजावून सांगण्याची गरज जास्त असते.

संस्कृत सुभाषितसंग्रहांत विज्जिका किंवा विज्जका नावाची एक कवयित्री भेटते. राजशेखराने 'कर्णाट सरस्वती' म्हणून जिचा गौरव केला, ती विजयांका हीच असावी आणि तीच आपली विजयभट्टारिका, असे बऱ्याच विद्वानांचे मत आहे. तिच्या नावावरचा एक श्लोक प्रसिद्ध आहे. कवी दंडीने सरस्वतीला संपूर्ण गोरी म्हटले, तेव्हा त्याला माझी ओळख नव्हती; मी तर निळ्या कमळाच्या पाकळीसारखी सावळी आहे, असा त्याचा आशय. हे जुळवणे खरे असेल तर सातव्या शतकातल्या कोकणच्या राणीचा आवाजही आपल्याकडे आहे, आणि तो आवाज चांगलाच तिखट आहे. हात्शेपसूतच्या सगळ्या भिंती मिळूनही तिची अशी एक थट्टा आपल्याला ऐकू येत नाही.

यानंतर पाचशे वर्षे उडी मारायला हरकत नाही. डिचोली तालुक्यात हरवळ्याच्या लेण्यांत एका लिंगावर सांबलूरच्या कुणा रवीचे नाव ब्राह्मी अक्षरांत कोरलेले आहे. एवढ्याशा आडनाव नसलेल्या माणसाचे नाव टिकले, पण या लांब मधल्या काळातल्या राण्या क्वचितच दिसतात. मग गोव्याचे कदंब येतात आणि अचानक दोन ठळक नावे पुढे होतात. मैलळदेवी ही कल्याणीच्या सहाव्या विक्रमादित्याची मुलगी, दुसऱ्या जयकेशीची राणी. एवढ्या मोठ्या सम्राटाची लेक घरात आल्यावर गोव्याच्या कदंबांचे वजन किती वाढले, ते त्यांच्या लेखांतून जाणवते. तिची सून कमलादेवी, शिवचित्त पेरमाडीची राणी. हिने कित्तूरजवळ देगांवे इथे कमलनारायणाचे देऊळ बांधवले, ब्राह्मणांना अग्रहार दिला आणि त्याचा लेख कन्नड आणि नागरी अशा दोन लिप्यांत कोरवून घेतला. साल साधारण 1174. शिल्पी तिप्पोजाचे नावही त्यात आहे. दोन लिप्यांत लेख कोरवण्याची कल्पना कुणाची होती, ते लेख सांगत नाही. पण खर्च राणीचा होता. कन्नड आणि मराठी या दोन्ही बाजूंना आपले म्हणणे पोहोचले पाहिजे, ही या सीमाभागातली सर्वांत जुनी आणि सर्वांत शहाणी राजनीती म्हणावी लागेल. पुढच्या मंडळींना ती तितकीशी साधली नाही.

या कदंबांचा कुलदेव सप्तकोटीश्वर. त्याचे दिवाडी बेटावरचे देऊळ पोर्तुगीजांनी पाडले, लिंग मांडवी ओलांडून डिचोलीच्या बाजूला नार्व्याला आले, आणि 1668 च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. दारावर त्याचा शिलालेख आहे. कमलादेवीने ज्या देवापुढे हात जोडले असतील, तो देव आज डिचोली तालुक्यातल्या आंब्याफणसांच्या सावलीत आहे.

मग भोसले आणि पोर्तुगीज. हा भाग लढायांनी इतका भरलेला आहे की थोडक्यात आटोपलेला बरा. 1746 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने चापोऱ्याच्या काठावरचा हळर्णचा किल्ला घेतला. त्या विजयाबद्दल त्याला 'मार्केस द आलोर्ना' ही पदवी मिळाली. पेडण्याच्या एका गावाचे नाव लिस्बनच्या सरदार घराण्याला चिकटले ते असे. मधल्या काळात हे महाल पुन्हा भोसल्यांकडे आले आणि पुन्हा गेले. 1781 मध्ये डिचोली गेली, पाठोपाठ सत्तरी. कोल्हापूरकरांशी लढण्यासाठी पोर्तुगीजांची मदत हवी होती. तिच्या बदल्यात 1788 च्या जानेवारीत तिसऱ्या खेम सावंतांनी पेडणे महाल लिहून दिला. पोर्तुगीजांच्या 'नव्या काबिजादी'त, म्हणजे नंतर मिळवलेल्या मुलखात, हे महाल गेले. जुन्या काबिजादीत झाली तशी देवळांची मोडतोड इथे झाली नाही, म्हणून पेडण्याची भगवती जिथल्या तिथे राहिली आणि देवळातली मराठीही राहिली. पण वाडीच्या दृष्टीने तेरेखोल आता घरातली नदी उरली नाही, हद्द झाली.

हे सगळे वाड्याच्या आतून कुणी पाहिले असेल, तर ते लक्ष्मीबाईंनी. ग्वाल्हेरच्या शिंद्यांची ही मुलगी. वडील जयाप्पा शिंदे 1755 मध्ये नागोरच्या वेढ्यात मारले गेले. 1763 मध्ये तिचे लग्न खेम सावंतांशी झाले आणि शिंद्यांच्या वजनामुळे दिल्लीच्या बादशहाकडून वाडीला 'राजेबहाद्दर' हा किताब आला. कोल्हापूरकरांना तो मान खुपला. त्यांनी वाडीवर चाल करून काही किल्ले घेतले. शिंद्यांनी मधे पडून ते परत देववले. म्हणजे नवरी आली ती किताब आणि भांडण दोन्ही पदरात घेऊन आली. पुढची चाळीस वर्षे तिच्या नवऱ्याने कोल्हापूरकर, पेशवे, पोर्तुगीज आणि इंग्रज या चौघांशी आलटून पालटून वैर केले. त्या चाळीस वर्षांच्या कागदांत लक्ष्मीबाई जवळजवळ नाहीतच.

1803 मध्ये खेम सावंत वारले. मुलगा नव्हता. आणि राणी कागदावर आली.

दोन वर्षे वारसाचा वाद चालला. 1805 मध्ये लक्ष्मीबाईंनी रामचंद्र नावाच्या मुलाला दत्तक घेतले. त्याला भाऊसाहेब म्हणत. विधवा राणीच्या हातात एवढेच हत्यार होते. हात्शेपसूतने दाढी लावली, लक्ष्मीबाईंनी मूल मांडीवर घेतले. दोघींना राज्य करायचे होते, पण वाडीच्या राणीला ते पोराच्या आडूनच करता येणार होते, आणि पोराचा जीव हाच त्या राज्याचा सगळ्यात कच्चा बांध होता. कोल्हापूरचे सैन्य आले तेव्हा लक्ष्मीबाईंनी निपाणीच्या सिधोजीराव निंबाळकरांकडे, म्हणजे आप्पा देसाईंकडे मदत मागितली. मदतीला आलेला पाहुणा घराच्या चाव्या मागतो, हा त्या काळचा सर्रास अनुभव. किनाऱ्यावर चाचेगिरी माजली होती, वाड्यात कट शिजत होते. तीन वर्षांनी एका रात्री ते मूल बिछान्यात गळा दाबून मारले गेले.

इथे इतिहासकार फार बोलत नाहीत. संस्थानांच्या जुन्या गॅझेटियरांत या घटनेला एखादे वाक्य मिळते आणि पुढचे वाक्य नव्या वारसाचे असते. कादंबरीकार असता तर त्याने त्या रात्रीवर शंभर पाने लिहिली असती: दार कुणी उघडले, दाई कुठे होती, सकाळी लक्ष्मीबाईंना कुणी जाऊन सांगितले. गॅझेटियरला त्या दाराशी काम नव्हते.

गादीवर फोंड सावंत आले. चाचेगिरीला वैतागलेल्या इंग्रजांनी 1812 मध्ये त्यांच्याकडून वेंगुर्ल्याचे बंदर लिहून घेतले, लढाऊ गलबते सोडून देण्याचा करार करवला. त्यानंतर लवकरच फोंड सावंतही गेले. मागे आठ वर्षांचा खेम सावंत. पुन्हा रिकामी गादी, पुन्हा विधवा राणी. या वेळी दुर्गाबाई, थोरल्या खेम सावंतांच्याच राण्यांपैकी एक.

दुर्गाबाईंच्या बाबतीत इंग्रजांचा अंदाज चुकला. लहान मुलाच्या नावाने गप्प बसून तनखा खाणारी बाई त्यांना अपेक्षित असावी. कारभार हातात आल्याबरोबर तिने भरतगड आणि नरसिंगगड हे दोन किल्ले कोल्हापूरकरांकडून हिसकावले. ते मूळचे वाडीचेच, कोल्हापूरने पूर्वी बळकावलेले, त्यामुळे तिच्या दृष्टीने हा चोरीचा माल परत घेणे होते. पण 1812 मध्येच इंग्रजांनी कोल्हापूरशी करार करून त्या राज्याच्या मुलखाची हमी घेतली होती. किल्ले परत करा, असा निरोप आला. तिने नकार दिला. शेवटी इंग्रज फौजेने किल्ले घेऊन कोल्हापूरकरांना दिले. लढाई ती हरली, पण नंतरची काही वर्षे मुंबईच्या कचेरीला वाडीकडे डोळा लावून बसावे लागले. पेडण्यात तेव्हा पोर्तुगीजांचा अंमल आणि खुद्द गोव्यात 1813 पर्यंत इंग्रजांची पलटण. चहूबाजूंनी कोंडलेल्या छोट्या संस्थानाच्या राणीने तरीही आपल्याला हवे ते करून पाहिले. मुत्सद्देगिरी म्हणून ते फारसे शहाणपणाचे नव्हते. पण शहाणपणाने वागून तिच्या नवऱ्याच्या हातून तीन महाल गेलेच होते.

पेशवाई 1818 मध्ये बुडाली आणि इंग्रजांना मोकळा हात मिळाला. 1819 च्या सुरुवातीला जनरल कीरची फौज किनाऱ्यावर उतरली. निवती पडली, रेडीचा यशवंतगड पडला. दुर्गाबाई तोवर वारल्या होत्या. कारभार सावित्रीबाई आणि नर्मदाबाई या दोन राण्यांकडे आला होता. 17 फेब्रुवारी 1819 ला त्यांच्या कारकिर्दीत तह झाला. वाडीने इंग्रजांचे वर्चस्व मानले, परस्पर कुणाशीही राजकारण न करण्याचे कबूल केले, आणि एक कलम समुद्राचे होते. कर्ली नदीपासून पोर्तुगीजांच्या हद्दीपर्यंतचा सगळा किनारा इंग्रजांना द्यायचा.

कर्लीपासून तेरेखोलपर्यंत. विजयभट्टारिकेने जिथे शेत आणि खज्जन लावून दिले होते, तोच हा पट्टा. तिने एकेक तुकडा मोजून दिला होता, सीमा सांगून. इथे एका कलमात सगळे गेले.

पंचवीस-तीस वर्षांनी नेरूरला जमीन खणताना तांब्याचे पत्रे निघाले. तेव्हा वाडी संस्थानचा कारभार इंग्रज अधिकारी पाहत होते. त्यांच्यातल्या ले ग्रँड जेकबला जुन्या लेखांचा नाद होता. त्याने ते पत्रे मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे ठेवले. पुढे फ्लीटने 'इंडियन अँटिक्वरी'त नेरूरचे आणि कोचऱ्याचे लेख नीट वाचून छापले, तेव्हा हद्दी बदललेल्या होत्या. नेरूर अजून सावंतवाडी संस्थानात होते. कोचरे त्या कलमाप्रमाणे इंग्रजांच्या रत्नागिरी जिल्ह्यात गेले होते.